वीस महिन्यांच्या मुलीच्या अंगाला काय लावावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी वीस महिन्यांची. गालांवर आणि गुडघ्यांच्या मागे खरखरीत, लालसर चट्टे आहेत. थंडीत ते वाढतात आणि रात्री ती झोपेतच खाजवते. आंघोळीआधी सासूबाई कोमट खोबरेल तेलात कापूर विरघळवून मालीश करतात. साबणाऐवजी डाळीचं पीठ आणि साय, अंग पुसलं की पावडर. डायपर बदलताना आणि जेवल्यावर तोंड पुसायला वाइप्स. पॅराबेनने, म्हणजे क्रीम टिकावं म्हणून त्यात घालतात त्या रसायनांनी, कॅन्सर होतो असं वाचून तुम्ही जुनं लोशन फेकून दिलंत आणि ‘पॅराबेन-फ्री, शंभर टक्के नैसर्गिक’ असं लिहिलेलं लॅव्हेंडरचं लोशन मागवलंत. आता विचारताय, यातला नेमका कोणता घटक धोक्याचा?

ताई, बावीस वर्षं त्वचारोगाची ओपीडी करते आहे, त्यातली निम्मी गर्दी लहान मुलांची असते. तुमची यादी वाचून मला सगळ्यात कमी काळजी वाटली ती त्या फेकून दिलेल्या लोशनची. सगळ्यात जास्त वाटली कापराची, आणि त्याखालोखाल डाळीच्या पिठाची. का, ते सांगते.

कापूर आजपासून बंद करा, अगदी आजपासून. तो कातडीतून आणि श्वासावाटे शरीरात शिरतो आणि लहान मुलांच्या मेंदूला सोसत नाही. पोटात गेला तर काही मिनिटांत आकडी येऊ शकते. साधारण एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर कापूर गिळून लहान मुलं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. अमेरिकेत अंगाला लावायच्या औषधांत कापूर ११ टक्क्यांच्या वर घालता येत नाही, आणि छातीला चोळायच्या बामच्या डबीवर दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नका असं तिथे छापलेलं असतं. निलगिरीच्या तेलाचंही तेच. निलगिरी आणि कापूर असलेल्या तेला-बामानंतर आकडी आलेल्या रुग्णांच्या नोंदी बंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी प्रसिद्ध केल्या आहेत. आपल्याकडे सर्दी झाली की कापूर-ओव्याची पुरचुंडी गळ्यात बांधतात. मानेवर पुरळ आलं म्हणून माझ्याकडे आणलेल्या सव्वा वर्षाच्या एका मुलाच्या गळ्यातली पुरचुंडी हातात घेतली तर ती चिंब ओली होती. दिवसभर तो ती चोखत होता. मी दोरा तिथल्या तिथे कापला. पुरळ दोन दिवसांत गेलं असतंच, पण त्या आईचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. देव्हाऱ्यातली कापराची डबीसुद्धा उंचावर ठेवा.

आता डाळीचं पीठ. सासूबाईंनी त्यांची मुलं यावरच वाढवली आणि त्यांना काही झालं नाही, हे खरंच असेल. धडधाकट कातडीवर डाळीचं पीठ लावून धुऊन टाकलं तर सहसा काही होत नाही. पण तुमच्या मुलीची कातडी धडधाकट नाही. वर्णनावरून हा बहुधा एक्झिमा आहे, म्हणजे अॅटोपिक डर्मटायटिस. न बघता खात्रीने सांगता येणार नाही, पण वय, जागा, खाज, थंडीत वाढणं हे सगळं जुळतंय. अशा मुलांच्या कातडीचा वरचा थर कौलं सरकलेल्या छपरासारखा असतो. आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरचं सगळं आत झिरपतं. त्या फटींतून खाण्याचं प्रथिन आत गेलं की शरीर त्याला परकं ठरवतं, आणि पुढे तोच पदार्थ खाल्ल्यावर अॅलर्जी उठू शकते.

हे मी हवेत बोलत नाही. जपानमध्ये चेहऱ्याच्या एका साबणात गव्हाचं फोडलेलं प्रथिन घातलं होतं. आयुष्यभर बिनघोर पाव आणि नूडल्स खाणाऱ्या दोन हजारांहून जास्त लोकांना त्या साबणामुळे गव्हाची अॅलर्जी झाली. २०११ साली तो बाजारातून परत मागवावा लागला. ही मोठी माणसं होती, आणि साबण तर धुऊन टाकायचा. २००३ साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात दिसलं की शेंगदाणा तेल असलेली क्रीमं ज्यांच्या फुटलेल्या अंगाला लावली होती, त्या मुलांत शेंगदाण्याची अॅलर्जी जास्त होती. तोंडावाटे मात्र उलटं घडतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात, जोखीम असलेल्या बाळांना वर्षाच्या आतच शेंगदाणा खायला घातला तर अॅलर्जीचं प्रमाण पुष्कळ घटलं. तेव्हा मुलीला वरण, बेसनाचं धिरडं, शेंगदाण्याची चटणी, दही-साय सगळं खाऊ घाला. फक्त चट्ट्यांवर चोळू नका. लव जावी म्हणून कणकेचा गोळा फिरवणं, गालांना कच्चं दूध, बदामाचं तेल, शेंगदाण्याचं तेल, हे सगळं याच हिशेबात आलं. शिवाय पीठ खरखरीत असतं, आणि खाजवून सोललेल्या जागी ते घासणं म्हणजे जखम वाढवणं.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. ‘लहान मुलांची कातडी चाळणीसारखी असते, लावलं की रक्तात’ असं वाक्य मोबाइलवर फिरत असतं. ते बरोबर नाही. पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या बाळाची कातडी बऱ्यापैकी तयार असते. फरक आकाराचा आहे. दहा किलोच्या मुलाला, किलोमागे बघितलं तर, मोठ्या माणसाच्या जवळपास पावणेदोन पट कातडी असते. म्हणून सर्वांगाला लावलेल्या गोष्टीचा डोस त्याला तेवढा जास्त बसतो. आणि डायपरची जागा वेगळी धरायची, कारण तिथे ओल, उष्णता, घासणं आणि वरून घट्ट झाकण असतं. त्यामुळे बाटली हातात आली की मी आधी विचारते: हे अंगावर राहणार की धुतलं जाणार? कातडी सलग आहे की फुटलेली? जागा उघडी की डायपरखालची? आणि बोटाबरोबर तोंडात किती जाणार? दोन वर्षांचं मूल दिवसभर हात चोखतं, हे मोठ्यांसाठी बनवलेल्या क्रीमच्या हिशेबात धरलेलं नसतं.

आता पॅराबेन. २००४ साली ब्रिटनमध्ये स्तनाच्या गाठींच्या वीस नमुन्यांत पॅराबेन सापडले आणि भीती तिथून पसरली. त्या कामात निरोगी ऊतींशी तुलना केलेली नव्हती. गाठीत एखादी गोष्ट सापडली म्हणजे तिनेच गाठ केली असं होत नाही. काही पॅराबेन इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं फार क्षीण काम करतात हे खरं आहे, आणि नियम करणाऱ्यांनी ते मनावर घेतलं. २०११ साली डेन्मार्कने तीन वर्षांखालच्या मुलांच्या उत्पादनांत प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेनवर बंदी घातली. २०१४ साली युरोपीय संघाने हे दोन पॅराबेन तीन वर्षांखालच्या मुलांच्या डायपरच्या जागी लावून ठेवायच्या क्रीममधून काढले, आणि इतरत्र त्यांची मर्यादा खूप खाली आणली. मिथाइल आणि इथाइल पॅराबेन तसेच ठेवले, कारण त्यांचा पुरावा समाधानकारक होता. माझाही सल्ला एवढाच: डायपरखाली प्रोपिल-ब्युटिल नको. मिथाइल पॅराबेन दिसलं म्हणून लोशन फेकण्याची गरज नव्हती.

पॅराबेनच्या भीतीने पुढे जे झालं ते मात्र आयांना कुणी सांगत नाही. पाणी असलेल्या कुठल्याही क्रीमला काहीतरी परिरक्षक, म्हणजे टिकवणारं रसायन, लागतंच, नाहीतर त्यात बुरशी आणि जंतू वाढतात. पॅराबेन नको म्हटल्यावर अनेक कंपन्यांनी मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं रसायन वापरायला घेतलं, आणि त्याने अॅलर्जीची लाटच आणली. अमेरिकेतल्या स्पर्शजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्याला ‘वर्षाचा अॅलर्जन’ ठरवलं. २०१७ पासून युरोपात अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत ते चालत नाही. याच संघटनेने २०१९ साली पॅराबेनना ‘अॅलर्जी न करणारे’ म्हणून मुद्दाम वर्षाचा मान दिला, लोकांनी उगाच घाबरू नये म्हणून.

आणि हे रसायन सापडायचं ते वाइप्समध्ये. त्याची खूण मी विसरत नाही. अडीच वर्षांचा मुलगा, तोंडाभोवती लाल, सोललेलं कडं, आणि तसंच खाली डायपरच्या जागी. मधलं सगळं अंग स्वच्छ. बुरशीचं मलम झालं, अॅलर्जीचं सिरप झालं, चार महिने गेले होते. मी आईला विचारलं, तोंड कशाने पुसता? तिने पर्समधून वाइप्सचं पाकीट काढलं. छपाई इतकी बारीक होती की खणातलं भिंग लावून वाचावी लागली. यादीच्या शेवटी ते नाव होतं. मग पाणी आणि सुती फडकं एवढंच सांगितलं. तीन आठवड्यांनी तो आला तेव्हा ओठांच्या कडेला फक्त फिकट डाग उरला होता. तुमच्या पाकिटावर ज्या नावाची शेपटी ‘आयसोथायाझोलिनोन’ अशी असेल, ते घेऊ नका. प्रवासात वाइप्स वापरायला हरकत नाही. घरी शू झाल्यावर नुसतं पाणी पुरतं.

लॅव्हेंडरचं लोशन बंद करा. नैसर्गिक सुवास म्हणजेही सुवासच. लॅव्हेंडरमधलं लिनालूल हवेशी संयोग पावलं की त्यातून अॅलर्जी करणारे पदार्थ तयार होतात, आणि आपल्याकडे अर्धी बाटली सहा महिने न्हाणीघरात उघडमीट होत राहते. लॅव्हेंडर आणि टी ट्री तेलाने मुलग्यांच्या छातीत गाठी येतात ही चर्चा २००७ सालच्या तीन मुलांच्या नोंदीवरून सुरू झाली. नंतरच्या तपासण्यांत तो संबंध पक्का झालेला नाही, म्हणून त्यावरून मी घाबरवणार नाही. एक्झिमाच्या मुलाला सुवास नको, एवढं कारण पुरेसं आहे. खरेदी करताना ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ शोधा. ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या बाटलीत कधीकधी वास झाकण्यासाठी वेगळा सुवास घातलेला असतो. ‘हायपोअॅलर्जेनिक’ आणि ‘डर्मटॉलॉजिस्ट टेस्टेड’ हे शब्द वाचून सोडून द्या, त्यांच्यामागे कसलीही ठरलेली चाचणी नसते.

कोरफडीबद्दल बरेच जण विचारतात म्हणून सांगते. पान कापल्यावर सालीखालून जो पिवळा, कडू चीक गळतो तो कातडीला झोंबतो. घरचा गर फ्रीजमध्ये आठवडाभर ठेवून फुटलेल्या अंगाला लावणं म्हणजे जंतूंना आमंत्रण.

पावडर कुठलीच नको. तिचा उपयोग शून्य आणि ती उडून श्वासात जाते. टाल्क असो, मक्याचं पीठ असो की वेखंड. वेखंडाची पूड न्हाऊ घातल्यावर टाळूवर आणि छातीवर चोळायची पद्धत मला ठाऊक आहे, माझ्याही आजीने माझ्या भावंडांना लावली आहे. पण त्यातलं बीटा-असारोन प्राण्यांवरच्या प्रयोगांत कर्करोगकारक ठरलं, म्हणून अमेरिकेने १९६८ सालीच वेखंड खाद्यपदार्थांतून काढलं. बोरिक पावडर घरात असेल तर ती आधी टाकून द्या. फुटलेल्या कातडीतून बोरिक शरीरात जाऊन बाळं दगावलेली आहेत. १९७२ साली फ्रान्समध्ये बेबी पावडरीत चुकून हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक जवळपास ६ टक्के मिसळलं गेलं आणि ३६ मुलं गेली. त्यातली बरीचशी डायपरच्या जागेवरून आत गेलेल्या विषाने. आंघोळीच्या पाण्यात अँटिसेप्टिक द्रवाचं झाकण ओतणारे मला भेटतात तेव्हा मी हीच गोष्ट सांगते. द्रव वेगळा आहे, प्रमाण वेगळं आहे, पण रोज सर्वांगाला जंतुनाशक लावायची गरज कोणत्याही बाळाला नसते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण या वयात माझ्या ओपीडीत खरं नुकसान दिसतं ते तीन गोष्टींनी. पहिली, मेडिकलमधून न विचारता आणलेलं मलम. त्यात बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोलसारखं जबर स्टेरॉइड असं तीन-चार औषधांचं मिश्रण असतं. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून घरात त्याला ‘गुणकारी मलम’ म्हणतात. मग कातडी पातळ होते, निळ्या शिरा दिसू लागतात, आणि डायपरखाली लावलं तर ते रक्तात बरंच जातं. २०१८ साली सरकारने अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मिळतातच. याचा अर्थ स्टेरॉइड म्हणजे विष असा घेऊ नका. तुमच्या मुलीला मी बहुधा सौम्य हायड्रोकोर्टिसोन काही दिवसांसाठी देईन. ते नेमलेल्या जागी, नेमलेले दिवस लावणं, हे महिनोन्‌महिने खाजवत राहण्यापेक्षा नक्कीच सुरक्षित आहे. दुसरी गोष्ट काजळ. बाजारच्या आणि विशेषतः सुरम्याच्या प्रकारांत शिसं सापडतं. ते डोळे चोळताना बोटांवर येतं आणि बोटांवरून तोंडात जातं. तीट कानामागे लावलीत तरी हात तिथे पोहोचतोच. तिसरी, मोठ्यांची गोरेपणाची क्रीमं. पारा घातलेल्या क्रीमने मूत्रपिंड बिघडलेल्यांच्या नोंदी केरळातल्या मलप्पुरम भागातल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत. अशा क्रीम वापरणाऱ्यांच्या घरातल्या, स्वतः क्रीम न लावणाऱ्या मुलांच्या शरीरातही पारा सापडलेला आहे, टॉवेल, उशा आणि आईच्या गालावरून आलेला. लग्नसराईत चिमुकल्या हातांवर काढतात ती ‘काळी मेंदी’ही नको. तिच्यात केसांच्या कलपातलं पीपीडी असतं, आणि एकदा अॅलर्जी झाली की ती जन्माची.

मग लावायचं काय? रोज कोमट पाण्याने पाच ते दहा मिनिटं आंघोळ. साध्या साबणाचा पीएच ९-१० असतो आणि कातडीचा साधारण ५, म्हणून साबणाऐवजी सौम्य, सुवास नसलेलं सिंडेट (साबण नसलेली, कमी पीएचची अंग धुण्याची वडी किंवा द्रव), तेही बगल, जांघ आणि हातपायांपुरतं. टॉवेलने घासू नका, टिपून घ्या, आणि अंग जरा दमट असतानाच, तीन मिनिटांच्या आत, जाडसर क्रीम किंवा पेट्रोलियम जेली लावा. पावसाळ्याआधी छपराची शाकारणी करतात ना, तसं हे रोजचं काम. पेट्रोलियम नाव ऐकून दचकू नका. औषधी दर्जाची पांढरी जेली इतकी शुद्ध केलेली असते की तिची अॅलर्जी जवळपास होतच नाही. ग्लिसरीन, सेरामाइड, शिआ बटर चालेल. डायपरखाली झिंक ऑक्साइडचं मलम. यूरिया किंवा लॅक्टिक आम्ल असलेली मोठ्यांची क्रीमं फुटलेल्या जागी आग करतात, ती नकोत. सॅलिसिलिक आम्ल तीन वर्षांपर्यंत मुळीच नाही. उन्हात बाहेर न्यायचं तर आधी टोपी आणि पूर्ण बाह्यांचं सुती झबलं, उघड्या जागी झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन.

प्रमाणात बहुतेक आया हात आखडता घेतात. नळी पिळून मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ काढली तर ते साधारण अर्धा ग्रॅम होतं. या वयाच्या मुलाला एका हाताला दीड पेर, एका पायाला दोन, छाती-पोटाला दोन, पाठ-कुल्ल्यांना तीन आणि चेहरा-मानेला दीड पेर लागतं. म्हणजे सर्वांगाला एका वेळी सात ग्रॅमच्या आसपास, दिवसातून दोनदा. पन्नास ग्रॅमची नळी चार दिवसांत संपायला हवी. म्हणून महागडं आयात क्रीम थोडं थोडं लावण्यापेक्षा स्वस्त आणि मोठा डबा घ्या, त्यात बोटं न घालता चमच्याने काढा. जेलीने माखलेले कपडे चटकन पेट घेतात, तेव्हा निरांजन, समई आणि दिवाळीत फुलबाज्यांपासून तिला लांब ठेवा.

नवीन काहीही आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा आठवडाभर लावून बघा. एकदाच लावून बघणं पुरत नाही, अॅलर्जी उमटायला अनेकदा चार-पाच दिवस जातात.

चट्ट्यांवर पिवळी खपली धरली, पाणी सुटलं, ताप आला, किंवा एकाच आकाराचे बारीक फोड उठून त्यांचे खड्डे पडले, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ते फोड नागिणीच्या जातीच्या विषाणूचे असू शकतात आणि एक्झिमाच्या मुलांत ते भराभर पसरतात. हे काही नसलं तरी दोन आठवड्यांत खाज कमी झाली नाही तर दाखवून घ्या, आणि जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, नळ्या, वाइप्सचं पाकीट पिशवीत घालून न्या.

खोबरेल तेलाला माझी ना नाही. शुद्ध, बिनवासाचं, कापूर न घातलेलं खोबरेल एक्झिमाच्या मुलांना मानवतं, हे अभ्यासांतही दिसलं आहे. मोहरीचं आणि ऑलिव्हचं मात्र नको, त्यांनी कातडीचा थर सैल होतो. फक्त मालीश आंघोळीआधी होतं ते आंघोळीनंतर करा, म्हणजे तेल अंगावर राहील, मोरीत वाहून जाणार नाही. सासूबाईंना हे असंच सांगा. त्यांचा हात तिच्या ओळखीचा आहे, तेल त्यांनीच लावू दे, हलक्या हाताने, चट्ट्यांवर न चोळता.